हनन्याचा धीर आणि यिर्मयाचा धीर

वाचकाचे पत्र: "सलाम. माझ्या पतींना दीड वर्षापूर्वी अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली आणि वाचाही जवळजवळ गेली. एखाददुसरा शब्द कसाबसा उमटतो. आम्ही दोघेही लहानपणापासून ख्रिस्ती मंडळीत वाढलो. लोक भेटायला येतात, प्रार्थना करतात, पण ते गेल्यावर मला अधिकच खचल्यासारखे होते. कोणी म्हणते, विश्वास कमी पडतो आहे. कोणी म्हणते, घरात कबूल न केलेले पाप असेल. कोणी म्हणते, देव झेपेल तेवढेच देतो. मोबाईलवर रोज वचने आणि व्हिडिओ येत राहतात. बाहेरून आलेल्या एका प्रचारकांनी तर चाळीस दिवसांत पती चालू लागतील असे सांगितले आहे. त्यासाठी विशेष अर्पण द्यावे आणि गोळ्या बंद करून विश्वास दाखवावा, असे त्यांचे म्हणणे आहे. मला राग येतो, देवाचाही येतो. प्रार्थनेला बसले तर शब्द सुचत नाहीत, आणि रात्री झोप येत नाही. मंडळीतले एक वयस्कर गृहस्थ दर शनिवारी येऊन यांची दाढी करून देतात, एक स्तोत्र वाचतात आणि जातात. तेवढा वेळ घरात बरे वाटते. माझा चौदा वर्षांचा मुलगा विचारतो की देव पप्पांना बरे का करत नाही. त्याला काय सांगू? आणि या सगळ्यांत ऐकावे तरी कोणाचे? मला धीर हवा आहे, पण खोटा नको."

प्रिय भगिनी,

ख्रिस्तामध्ये सप्रेम सलाम.

तुमच्या पत्रातील एका गोष्टीचे उत्तर आधी देतो, कारण ते लांबणीवर टाकण्यासारखे नाही. पतींच्या गोळ्या बंद करू नका. अर्धांगवायूचा एक झटका येऊन गेलेल्या माणसाला पुन्हा झटका येण्याचा धोका असतो, आणि रक्तदाब आटोक्यात ठेवणारी व रक्ताची गुठळी होऊ न देणारी औषधे तो धोका कमी करण्यासाठीच दिलेली असतात. ती परस्पर सोडणे हे विश्वासाचे लक्षण नसून रुग्णाच्या जिवाशी खेळणे आहे. औषधांत काही बदल करायचा असेल तर तो त्यांच्या डॉक्टरांनीच करावा. ज्या प्रेषित पौलाच्या हातून असामान्य चमत्कार घडत होते असे बायबलमधील प्रेषितांच्या कृत्यांत लिहिले आहे, त्याच पौलाने आपला तरुण सहकारी तीमथ्य याला पोटासाठी आणि वारंवारच्या दुखण्यांसाठी थोडा द्राक्षारस घेण्यास सांगितले, आणि आपल्या सोबत्यांतील लूक या वैद्याचा उल्लेख त्याने 'प्रिय' असा केला. उपाय करणारा तीमथ्य विश्वासात कच्चा आहे, असे त्याला वाटले नाही.

विशेष अर्पणाबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. दुसरे राजे या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात कोड बरे झालेला सेनापती नामान अलीशा या संदेष्ट्यापुढे भेटवस्तू ठेवतो आणि आग्रह करतो, तरी अलीशा काहीही घेत नाही. मागून धावत जाऊन, खोटे बोलून, रुपे आणि वस्त्रे पदरात पाडून घेतो तो त्याचा चाकर गेहजी. बरे होण्याआधीच त्याचे मोल सांगणारा माणूस या दोघांपैकी कोणाच्या वाटेने चालला आहे, ते तुम्हीच ठरवा. त्या प्रचारकांशी वाद घालत बसू नका. डॉक्टरांचे उपचार चालू राहतील आणि आमचे अर्पण आम्ही आमच्या मंडळीत देतो, एवढे सांगितले की पुरे. त्यावरही ते अडून बसले, तर दार लावून घेण्याचा तुम्हांला पूर्ण अधिकार आहे.

आता तुमचा मूळ प्रश्न, की ऐकावे कोणाचे. यासाठी यिर्मया या संदेष्ट्याच्या पुस्तकाचे २८ आणि २९ हे दोन अध्याय सलग आणि सावकाश वाचावेत, असे मी सुचवतो. यरुशलेमेचा राजा, तिथले कारागीर आणि कितीतरी घराणी बाबेलला (बॅबिलोनला) धरून नेली होती, मंदिरातील पात्रे लुटली गेली होती, आणि मागे उरलेले लोक हे सारे कधी संपेल याकडे डोळे लावून बसले होते. अशा वेळी हनन्या नावाचा संदेष्टा भर मंदिरात, याजकांच्या आणि लोकांच्या देखत, परमेश्वराचे नाव घेऊन सांगतो की दोन वर्षांच्या आत सर्व पात्रे आणि सर्व बंदिवान परत येतील. त्याच्या बोलण्यात कोठेही अडखळणे नाही, आणि मुदतही अगदी स्पष्ट आहे. यावर यिर्मया काय म्हणतो ते पाहण्यासारखे आहे: तो आधी 'आमेन' म्हणतो. परमेश्वर तसेच करो, तू बोललास ते खरे ठरो, असे तो मनापासून म्हणतो, कारण आपली माणसे घरी परतावीत असे त्यालाही वाटत होते. परंतु आपल्याला जे हवे आहे ते आणि देवाने जे कबूल केले आहे ते, या दोहोंत तो गल्लत होऊ देत नाही. मग हनन्या, बाबेलच्या सत्तेची खूण म्हणून यिर्मयाने मानेवर घेतलेले जू काढून सर्वांसमोर मोडून टाकतो (आजच्या काळात असता तर या प्रसंगाचा व्हिडिओ तुमच्याही मोबाईलवर आला असता), आणि यिर्मया त्या वेळी काही न बोलता निघून जातो.

पुढच्या अध्यायात तोच यिर्मया बाबेलमधील बंदिवानांना पत्र पाठवतो. घरे बांधा आणि त्यांत राहा, मळे लावा आणि त्यांचे फळ खा, मुलामुलींची लग्ने करा, ज्या नगरात तुम्हांला नेले आहे त्याच्या हितासाठी प्रार्थना करा, असे त्यात लिहिले आहे, कारण हा बंदिवास ७० वर्षांचा आहे. पत्र ऐकणाऱ्या बहुतेक प्रौढ माणसांना मायदेश पुन्हा दिसणार नव्हता. आणि 'तुमच्याविषयी माझ्या मनात जे संकल्प आहेत ते हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत' अशा आशयाचे जे वचन तुम्हांला दिवसाआड कोणीतरी पाठवत असेल, ते याच पत्रातले आहे. ७० वर्षांचा उल्लेख आदल्याच ओळीत येतो. ते वचन खोटे आहे असे मी मुळीच म्हणत नाही. उलट, ते ज्या जागी उभे आहे त्या जागी वाचले म्हणजे त्याचे वजन वाढते: सुटका लवकर होणार नाही हे ज्यांना स्पष्ट सांगून झाले आहे, अशा माणसांना देव म्हणतो की मी तुम्हांला विसरलेलो नाही, तुम्ही मला शोधाल तर मी तुम्हांला सापडेन.

खोट्या धीराची मोठी अडचण तो देताना दिसत नाही, मुदत उलटल्यावर दिसते. हनन्याचे ऐकून ज्याने घर बांधले नाही, मळा लावला नाही, त्याचे तिसऱ्या वर्षी काय झाले असेल? तुमच्या घरातही चाळीस दिवस सरतील आणि एकेचाळिसावा दिवस उजाडेल. त्या दिवशी पती चालले नाहीत, तर सांगणारे प्रचारक पुढच्या ठिकाणी गेलेले असतील आणि विश्वास कमी पडल्याचा आरोप एका अंथरुणाला खिळलेल्या माणसावर उरेल. म्हणून तुम्हांला कोणी धीर दिला तर मनाशी एवढे पडताळून पाहा, की हा माणूस माझ्या परिस्थितीविषयी खरे बोलतो आहे का, आणि तो मला ख्रिस्ताच्या आधारावर उभे करतो आहे की एखाद्या ठराविक निकालाच्या. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे, कारण पुष्कळ भली माणसे निकालाच्या आधारावर उभे करतात आणि तसे करत आहोत हे त्यांच्या ध्यानातही येत नाही. १५६३ साली जर्मनीत तयार झालेल्या हायडेलबर्ग प्रश्नोत्तरीचा पहिलाच प्रश्न असा आहे की जगताना आणि मरताना तुझा एकमेव दिलासा कोणता. आणि उत्तराची सुरुवात अशी होते की मी माझा स्वतःचा नाही, तर देहाने आणि आत्म्याने, जगताना आणि मरताना, माझा विश्वासू तारणारा येशू ख्रिस्त याचा आहे. त्या उत्तरात दुखणे जाईल असे कोठेही म्हटलेले नाही, आणि म्हणूनच दुखणे राहिले तरी ते उत्तर उभे राहते.

'देव झेपेल तेवढेच देतो' हे वाक्य तुम्हांला सांगणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, पण शास्त्रात ते तसे नाही. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या दहाव्या अध्यायातील ज्या वचनावरून ते आले आहे, तिथे विषय पापाच्या मोहाचा आहे, आणि मोहाबरोबर देव निभावण्याचा मार्गही ठेवतो असे पौल सांगतो. दुःखाविषयी तोच पौल त्याच मंडळीला दुसऱ्या पत्राच्या आरंभी काय लिहितो? आसिया प्रांतात आमच्यावर जे संकट आले ते आमच्या शक्तीपलीकडचे होते, इतके की आम्ही जगण्याचीही आशा सोडली होती, आणि हे यासाठी झाले की आम्ही स्वतःवर नव्हे तर मेलेल्यांना उठवणाऱ्या देवावर भरवसा ठेवावा. तुम्हांला हे झेपत नसेल, तर त्याबद्दल क्षमा मागावी असे वाटू देऊ नका. क्षमा कसली? प्रेषितालाही झेपले नव्हते, आणि ते त्याने उघडपणे मंडळीला कळवले.

गुप्त पापाचा आरोप तर फार जुना आहे. शिष्यांनी जन्मांध माणसाकडे बोट दाखवून येशूला विचारले की पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे. येशूने दोघांचेही नाही असे सांगितले. शिलोहातील बुरूज पडून अठरा माणसे ठार झाली, तेव्हा ती इतरांहून अधिक दोषी होती काय, असे विचारून त्याने स्वतःच 'नाही' असे उत्तर दिले, आणि ऐकणाऱ्यांचे लक्ष मेलेल्यांच्या पापांवरून त्यांच्या स्वतःच्या पश्चात्तापाकडे वळवले. आपल्याला आपली पापे ठाऊक असतात, ती रोज कबूल करावीत, त्यांची क्षमा ख्रिस्तात आहे. परंतु एखाद्याच्या आजारावरून मागे जात जात त्याच्या पापाचा छडा लावण्याचे काम देवाने तुमच्या शेजाऱ्यांकडे सोपवलेले नाही. मुले, संपत्ती आणि आरोग्य गमावलेल्या ईयोबाच्या मित्रांनी ते काम अंगावर घेतले, आणि शेवटी परमेश्वराने त्यांतल्या अलीफजाला सांगितले की तुझ्यावर आणि तुझ्या दोघा मित्रांवर माझा राग भडकला आहे, कारण माझा सेवक ईयोब माझ्याविषयी जसे यथार्थ बोलला तसे तुम्ही बोलला नाहीत.

या मित्रांची एक गोष्ट मात्र त्यांच्या बाजूने नोंदवली पाहिजे. ते आले तेव्हा दुरून त्यांना ईयोब ओळखूही आला नाही. ते मोठ्याने रडले, आणि सात दिवस व सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले, एक शब्दही बोलले नाहीत, कारण त्याचे दुःख फार मोठे आहे हे त्यांना दिसले. त्यांचे बिनसले ते तोंड उघडल्यावर. तुमच्या पत्रात शनिवारी येणाऱ्या त्या गृहस्थांविषयी जेमतेम एक वाक्य आहे, पण ते मी पुन्हा पुन्हा वाचले. लुळ्या पडलेल्या बाजूची दाढी करताना गालाची कातडी एका हाताने ताणून धरावी लागते, ओठाच्या कोपऱ्यातून लाळ ओघळत असेल तर ती मध्येच पुसावी लागते, आणि रुग्णाला मान फिरवता येत नसेल तर करणाऱ्याला स्वतःच पलंगाच्या पलीकडे जावे लागते. एवढे सगळे करून तो माणूस एक स्तोत्र वाचतो आणि उठतो. रडणाऱ्यांबरोबर रडा, ही पौलाने रोमकरांस केलेली सूचना अशीच पाळली जाते. तुम्हांला त्या वेळी बरे वाटते यात तुमच्या मनाची काही चूक झालेली नाही; खरा धीर तुम्ही बरोबर ओळखला आहे. जमल्यास त्यांना आणखी थोडा वेळ थांबण्याची विनंती करा, आणि तेवढ्यात तुम्ही बाहेर जरा फिरून या.

इतर भेटायला येणाऱ्यांना शिस्त लावणे तुम्हांला अवघड वाटत असेल. तरी एक गोष्ट त्यांना जरूर सांगा: वाचा गेली म्हणजे समज गेली असे नव्हे, आणि उशाशी उभे राहून 'यांचा विश्वास आहे ना?' असे तुम्हांला कोणी विचारले, तर ते पतींना ऐकू जात असते व बहुधा कळतही असते. अर्धांगवायूनंतर रुग्णाला नैराश्य येणे पुष्कळदा आढळते, त्यावर उपचारही असतात, आणि पुढच्या तपासणीच्या वेळी डॉक्टरांना त्याविषयी तुम्ही आपणहून विचारावे. ज्या माणसाला उलट उत्तर देता येत नाही त्याच्यासमोर त्याच्या विश्वासाची झडती घेणे मला तरी क्रूरपणाचे वाटते, घेणारा कितीही प्रार्थनाशील असला तरी.

तुमच्या रागाविषयी आता. परमेश्वराने ज्या ईयोबाला 'यथार्थ बोलला' असे म्हटले, त्याने आपल्या जन्मदिवसाला शाप दिला होता, देव मला शत्रू का समजतो असे विचारले होते, आणि देवाशी वाद मांडण्याची इच्छा बोलून दाखवली होती. स्तोत्रसंहितेत विलापाची स्तोत्रे इतकी आहेत की ती वगळली तर पुस्तकाचा फार मोठा भाग नाहीसा होईल. त्यांतले ८८वे स्तोत्र तर अंधारातच संपते. शेवटी स्तुतीची एकही ओळ नाही, तरीही इस्राएलाने ते उपासनेच्या पुस्तकात जपून ठेवले. शब्द सुचत नसतील तेव्हा तेच स्तोत्र हळू आवाजात वाचा आणि तिथेच थांबा. त्याला आनंदाचे शेपूट जोडण्याचा आग्रह स्वतःला करू नका. देवाकडे पाठ फिरवून केलेली कुरकुर आणि देवाकडे तोंड करून केलेला आक्रोश या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि तुमच्या पत्रातला राग मला दुसऱ्या प्रकारचा दिसतो. वधस्तंभावर येशूने २२व्या स्तोत्राचे शब्द उच्चारले, 'माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?' तुम्ही ज्याच्यापुढे आक्रोश करता तो हा प्रश्न स्वतः विचारून आलेला आहे. आणि स्तोत्रही वाचवत नसेल, तर रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायाप्रमाणे, कशी प्रार्थना करावी हे आपल्याला कळत नाही तेव्हा आत्मा स्वतः शब्दांवाचून कण्हत आपल्यासाठी मध्यस्थी करतो. म्हणजे तुमच्या गप्प बसण्यामुळे तुमच्या घरातली प्रार्थना बंद पडत नाही.

पती बरे व्हावेत म्हणून प्रार्थना करावी की नाही, असा प्रश्न तुम्ही स्पष्ट विचारलेला नाही, पण तो ओळींच्या मध्ये दिसतो, म्हणून लिहितो. जरूर करावी, आणि धीटपणे करावी. यिर्मयाने 'आमेन' म्हटलेच होते. याकोबाच्या पत्रात सांगितल्याप्रमाणे मंडळीच्या वडिलांना, म्हणजे पुढाऱ्यांना, घरी बोलवा, आणि पतींना तेल लावून प्रार्थना करू द्या. ही मंडळीची रीतच आहे आणि तिला कोणतेही शुल्क नाही. देव आजही बरे करतो, काही वेळा डॉक्टरांच्या हातून आणि काही वेळा त्यांनाही नवल वाटावे अशा रीतीने. परंतु ज्याच्या अंगाला लागलेले रुमाल नेऊन लोक बरे झाले, त्या पौलाने आपल्या शेवटच्या पत्रात आपला सोबती त्रफिम याच्याविषयी लिहिले आहे की त्याला मी मिलेत या नगरात आजारी असा सोडून आलो. एवढेच वाक्य आहे; कारण दिलेले नाही, त्रफिमाला दोष दिलेला नाही. स्वतःच्या शरीरातील काटा काढून टाकावा म्हणून पौलाने तीनदा विनवणी केली, आणि उत्तर मिळाले ते काटा निघण्याचे नव्हते, तर माझी कृपा तुला पुरेशी आहे, असे होते. 'नाही' हेही उत्तर असते आणि तेही प्रेमाने दिलेले असू शकते, हे मानणे सोपे नाही. पौलालाही पहिल्या विनंतीत ते कळले नाही.

रोजच्या व्यवहारात काय करावे, याबद्दल माझी सूचना साधी आहे. मोबाईलवर येणारी वचने काही आठवडे पाहू नका; पाठवणाऱ्यांना वाईट वाटेल अशी काळजी असेल तर आवाज बंद ठेवा, त्यांना कळणारही नाही. सुटी वचने खोटी नसतात, पण ती कोणाला, कोणत्या प्रसंगी आणि कशाच्या पाठोपाठ सांगितली आहेत हे गळून गेल्यामुळे त्यांच्याकडून नको ती अपेक्षा केली जाते. त्याऐवजी एकच पुस्तक घ्या आणि रोज थोडे थोडे सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचा. तुमच्यासाठी मी करिंथकरांस दुसरे पत्र निवडेन, कारण ते थकलेल्या माणसाने लिहिलेले आहे. त्याच्या पहिल्याच अध्यायात देवाला सर्व सांत्वनाचा देव म्हटले आहे, आणि आपल्याला मिळालेले सांत्वन पुढे दुसऱ्या पीडितांना द्यायचे असते हेही सांगितले आहे. ते देण्याची घाई आत्ताच करू नका. आधी ते पुरते घ्या. रविवारच्या उपासनेला पतींजवळ कोणीतरी बसण्याची सोय करून दर आठवड्याला नाही तरी शक्य तेव्हा जा, आणि प्रभुभोजन चुकवू नका. तुमच्या पाळकांना ते घरी येऊन दोघांनाही देता येईल का, हेही विचारा. प्रभूच्या भोजनाला बसण्यासाठी स्पष्ट बोलता येण्याची अट नाही.

झोपेची गोष्ट तुम्ही एका ओळीत उरकली आहे, पण मला ती किरकोळ वाटत नाही. कर्मेल डोंगरावरील विजयानंतर लगेच एलीया हा संदेष्टा रानात झुडुपाखाली बसून मरण मागतो, तेव्हा देवदूत त्याला प्रवचन देत नाही. एलीया झोपतो, दूत त्याला उठवून भाकर आणि पाणी देतो, तो पुन्हा झोपतो, दूत पुन्हा उठवून खायला देतो, कारण पुढचा प्रवास तुला झेपायचा नाही असे तो म्हणतो. देवाशी बोलणे त्यानंतर, होरेब डोंगरावर होते. दीड वर्ष रात्री उठून माणसाची कूस बदलणाऱ्या स्त्रीला आपली आध्यात्मिक शक्ती संपली असे वाटते, तेव्हा त्यातला बराच भाग शरीराच्या थकव्याचा असतो. नातलगांपैकी किंवा मंडळीतील कोणी आठवड्यातून दोन रात्री घेऊ शकेल का, हे संकोच सोडून विचारा, आणि स्वतःसाठीही डॉक्टरांना भेटा. यात विश्वासाला कमीपणा नाही. लंडनचे प्रसिद्ध उपदेशक चार्ल्स स्पर्जन यांच्या सभेत १९ ऑक्टोबर १८५६ रोजी कोणीतरी आग लागल्याची खोटी आरोळी ठोकली, चेंगराचेंगरीत सात जण मेले, आणि अवघ्या बावीस वर्षांचे स्पर्जन त्या धक्क्याने पार कोसळले. पुढे आयुष्यभर नैराश्याचे झटके त्यांची पाठ सोडेनात, संधिवाताच्या वेदनाही होत्या, आणि हे त्यांनी व्यासपीठावरून लपवले नाही. त्यांच्या प्रवचनांनी हजारोंना धीर दिला तो या दुखण्यांसकट.

तुमच्या मुलाच्या प्रश्नाला तुमच्याजवळ उत्तर नाही, म्हणून तुम्ही तो टाळत असाल, तर टाळू नका. चौदा वर्षांच्या मुलाला टाळलेले बरोबर कळते. त्याला सांगा की हे मला ठाऊक नाही, मीही देवाला हेच विचारते आहे. मग त्याच्याबरोबर योहानाचा ११वा अध्याय वाचा. मार्था आणि मरीया दोघीही येशूला एकच गोष्ट म्हणतात, की प्रभू, तू इथे असतास तर माझा भाऊ मेला नसता, आणि येशू त्यांपैकी एकीवरही रागावत नाही. त्या भावाला, म्हणजे लाजराला, आपण थोड्याच वेळात मेलेल्यांतून उठवणार आहोत हे माहीत असूनही तो कबरेकडे जाताना रडतो. मुलाला त्यातले काय जाणवते ते त्यालाच बोलू द्या; तुम्ही लगेच अर्थ सांगू नका. एक काळजी मात्र घ्या: त्याने अधिक प्रार्थना केली असती तर पप्पा आतापर्यंत चालले असते, असे कोणीतरी त्याला सांगितले आहे का, हे हळूच विचारून घ्या. मुले अशी वाक्ये मनात ठेवतात आणि कोणाला सांगत नाहीत. तसे निघाले तर पप्पांच्या बरे होण्याचा भार देवाने त्याच्यावर टाकलेला नाही, हे त्याला त्याच दिवशी, स्पष्ट शब्दांत सांगा. आणि शनिवारी ते गृहस्थ येतील तेव्हा, त्याची इच्छा असेल तर, वस्तरा कसा धरतात ते त्याला त्यांच्याकडून शिकू द्या. वडिलांसाठी आपल्याला काही करता येते, हे त्या वयात फार हवे असते.

तुमचा ख्रिस्तातील बंधू,
सदरलेखक